पाणवठ्यावरची शिरगणती

आफ्रिकेतील सेरेंगेटीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. टांझानियातील हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरांचे आहे. आपला सगळा वर्धा जिल्हा त्यात दोनदा ठेवला तरी जागा उरेल. या गवताळ प्रदेशात वाइल्डबीस्ट किंवा नू नावाचे, गाय आणि हरिण यांच्या मधले वाटणारे प्राणी लाखोंच्या संख्येने राहतात. ते वर्षभर पावसाच्या मागे फिरत असतात. आग्नेयेकडील ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीवर पाऊस पडला की तेथे आखूड पण क्षारांनी समृद्ध असे गवत उगवते. नूंच्या माद्या तेथे वितात. ते गवत वाळले, पाणी आटले की सारा कळप वायव्येकडे आणि मग उत्तरेकडे केनियाच्या दिशेने निघतो. बरोबर झेब्रे असतात, मागे सिंह व तरस असतात, नदीत मगरी वाट पाहत असतात. हे पाहण्यासाठी जगभरातून लोक जातात.

ही यात्रा पाहिली की दुसरा प्रश्न आपोआप येतो : हे प्राणी मोजले कोणी आणि कसे? १९५८ साली जर्मनीचे बर्नहार्ड ग्झिमेक व त्यांचा मुलगा मिखाएल यांनी एका छोट्या विमानातून सेरेंगेटीवर फेऱ्या मारून मोजणी केली. जानेवारी १९५९ मध्ये त्या विमानावर गिधाड आदळले आणि मिखाएल अपघातात गेला. मोजणी मात्र पुढे चालू राहिली, आणि तीमुळेच एक विलक्षण गोष्ट कळली. १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले नू १९७७ पर्यंत १३ लाखांच्या घरात पोहोचले. कारण काय, तर बुळकांडी! गुरांना लस टोचून या रोगाला आवर घातला गेला, गुरांकडून नूंना होणारी लागण थांबली आणि वासरे जगू लागली. मोजणी नसती तर गुरांची लस आणि रानातले कळप यांचा हा संबंध आकड्यांतून दिसला नसता. गंमत अशी, की २०२२ व २०२३ सालची उपग्रह-छायाचित्रे संगणकाकडून वाचून घेतली तेव्हा आकडा या १३ लाखांच्या निम्म्याहूनही कमी आला. नू खरोखर कमी झाले, की मोजण्याची रीत बदलल्याने आकडा बदलला, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मोजणी दिसते तेवढी सोपी नसते हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सेलू तालुक्यात बोर धरणाच्या भोवती सातपुड्याच्या फाट्यांवर पसरलेले बोर अभयारण्य १९७० साली जाहीर झाले आणि २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या वेळी त्याचे क्षेत्र होते सुमारे १३८ चौ. कि. मी., म्हणजे देशातील व्याघ्र प्रकल्पांत सर्वांत लहान. सेरेंगेटीत अशी शंभर बोर मावतील. सागवान, ऐन, मोह, तेंदू, बांबू यांचे हे पानगळीचे रान. त्यात चितळ, सांबर, भेकर, रोही, रानडुक्कर, अस्वल, बिबट, रानकुत्रे आणि वाघ आहेत. येथे लाखोंची यात्रा नाही. पण यात्रेमागचे कारण येथेही तेच आहे : पाणी कोठे आहे आणि चारा कोठे आहे. पावसाळ्यात प्रत्येक ओहोळात पाणी असते, तेव्हा प्राणी रानभर विखुरतात. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, ओहोळ कोरडे पडतात, आणि धरणाचा फुगवटा व वनखात्याने भरलेले मोजके पाणवठे एवढेच काय ते उरतात. मग सारे रान तेथे येते. सेरेंगेटीत प्राण्यांच्या मागे मैलोन्‌मैल जीप पळवावी लागते. आपल्याकडे मचाणावर गप्प बसावे लागते, एवढाच फरक!

वैशाखी पौर्णिमाच का?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राणी मोजण्याची वनखात्याची रीत जुनी आहे. अलीकडे 'निसर्गानुभव' या नावाने सामान्य नागरिकांनाही तीत बसता येते. हाच दिवस निवडण्यात बरेच भौतिकशास्त्र दडलेले आहे. पाणी कमी आणि सागाची पाने गळलेली, म्हणून प्राणी एकत्र येतात आणि दिसतात, हे तर उघड आहे. राहिला चंद्र.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. रात्रभर दिवा मिळतो. अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच मावळतो. पण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. अष्टमीला चंद्राचा अर्धा भाग दिसतो, तर प्रकाशही निम्मा असेल असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात तो पौर्णिमेच्या सुमारे दहावा हिस्साच असतो! याचे कारण एखाद्या वखरलेल्या शेतात उभे राहिले तर कळेल. सकाळी सूर्य बाजूला ठेवून शेताकडे पाहा. प्रत्येक ढेकळाची सावली दिसते आणि शेत काळपट वाटते. आता सूर्याकडे पाठ करून पाहा. सावल्या ढेकळांच्या मागे लपतात आणि तेच शेत उजळ दिसते. चंद्राचा पृष्ठभागही असाच खडबडीत आहे. पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीशी असतो, म्हणून चंद्रावरच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत.

तरीही हा प्रकाश फार थोडा असतो. भर दुपारी जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, तर पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास. म्हणजे चार लाख पटींचा फरक. शिवाय उन्हाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून जातो. वर्ध्याहून पाहता वैशाखात तो मध्यरात्रीही क्षितिजापासून साधारण पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंतच चढतो. म्हणून मचाण पाणवठ्याच्या दक्षिण बाजूला असेल तर चंद्र पाठीशी राहतो आणि प्राणी उजळलेले दिसतात. उत्तर बाजूला असेल तर त्यांच्या काळ्या आकृत्याच तेवढ्या दिसतात. ढेकळांचाच नियम, दुसरे काय!

एवढ्या अंधुक प्रकाशात पाहायचे तर डोळ्यांना सवड द्यावी लागते. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी अगदी थोड्या प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत आणि पूर्ण जागे व्हायला अर्धा तास लागतो. कोणी एकदा बॅटरी लावली की तो अर्धा तास वाया! म्हणून मचाणावर बॅटरीच्या काचेला लाल जिलेटिन कागद बांधावा. तांबड्या प्रकाशाने दंडपेशी फारशा दिपत नाहीत. याच कारणाने चांदण्यात वाघाचा केशरी रंग आपल्याला दिसत नाही. फिकट राखाडी अंगावर काळे पट्टे, एवढेच दिसते. आणि चितळाला तर तो भर दिवसाही केशरी दिसत नाही. आपल्याकडे तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत, हरणांकडे दोनच. त्यांना केशरी आणि हिरवा यांतला भेद कळत नाही. आपल्या नजरेत भरणारा वाघ त्यांच्या दृष्टीने झुडपाच्याच रंगाचा असतो.

अंधारात चमकणाऱ्या डोळ्यांबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. चितळ, वाघ, बिबट यांच्या दृष्टिपटलामागे एक आरशासारखा थर असतो. पटलातून निसटलेला प्रकाश त्यावरून परततो आणि पेशींना तो टिपण्याची दुसरी संधी मिळते. तेथूनही निसटलेला प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. म्हणून डोळे चमकताना पाहायचे असतील तर बॅटरी स्वतःच्या डोळ्यांजवळ धरावी लागते. बॅटरी शेजाऱ्याच्या हाती असेल तर चमक त्यालाच जास्त दिसते. आपल्याला, वानरांना आणि डुकरांना हा थर नाही. रात्री दिव्याच्या झोतात काळे धूड दिसले आणि डोळे चमकले नाहीत, तर ते बहुधा रानडुक्कर समजावे.

वारा आणि आवाज

मचाणावर माणूस डोळे ताणून बसतो, प्राणी मात्र नाकावर आणि कानांवर चालतात. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि वारा सारख्या दिशा बदलतो. सूर्य मावळला की जमीन उष्णता बाहेर टाकून भराभर निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी खाली वाहू लागते. पाणवठा सखल जागी असतो. तेव्हा चढावर जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास रात्री थेट पाण्यावर पोहोचतो! जुने वनरक्षक चिमूटभर धूळ सोडून हवेचा कल पाहतात, तो यासाठीच.

रात्री जमिनीलगत थंड आणि वर उबदार अशी हवेची उलटी रचना झाली की आवाजाचीही चैन होते. ध्वनीचा वेग थंड हवेत कमी, उष्ण हवेत जास्त. ४० अंशांना सेकंदाला सुमारे ३५५ मीटर, तर २८ अंशांना ३४८. फरक लहान दिसतो, पण त्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. दुपारी नेमके उलटे होते. त्या वर वाकतात आणि आवाज विरतो. म्हणूनच सांबराचा इशारा रात्री टेकडीपलीकडून ऐकू येतो. रानात याला 'कॉल' म्हणतात. चितळाचा आणि वानराचा कॉल एकाच बाजूने येऊ लागला, तर वाघ अजून दिसला नसला तरी तो कोणत्या बाजूने येत आहे याचा अंदाज बांधता येतो.

मोजले, पण किती?

समजा, एका रात्री बोरमधील सर्व मचाणांची बेरीज ४०० चितळ अशी आली. तर चितळ ४०० आहेत का? नाही. एकच कळप संध्याकाळी एका पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर येऊन दोनदा मोजला गेला असेल. काही चितळ त्या रात्री पाण्यावर आलेच नसतील. आदल्या दिवशी वळीव बरसला असेल, तर डबक्याडबक्यांत पाणी साचून सगळा हिशेबच कोलमडतो. निसर्ग जवळून पाहायला ही रात्र फार चांगली, पण तिच्या आकड्यावर धोरण ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाघांच्या बाबतीत पूर्वी पावलांचे ठसे काचेवर गिरवून मोजणी होत असे. तिच्यावर विसंबून राहिल्याने राजस्थानातील सरिस्कामध्ये कागदावर वाघ राहिले आणि रानातले संपले. हे २००५ साली उघडकीस आले.

त्यानंतर २००६ पासून देशभरात जी पद्धत स्वीकारली गेली तिचे बीज शाळेच्या बाकावर पेरता येईल. एका मडक्यात न मोजता भरपूर चिंचोके घ्या. त्यांतले २० काढून त्यांना चुन्याची बोटे लावा आणि वाळल्यावर परत टाकून मडके नीट हलवा. आता डोळे मिटून २५ चिंचोके काढा. त्यांत चुन्याचे ५ निघाले, असे समजू. म्हणजे काढलेल्यांपैकी पाचवा हिस्सा खुणेचे होते. तर मडक्यातही खुणेचे चिंचोके पाचवा हिस्सा असावेत. खुणेचे एकूण २०, म्हणून सगळे मिळून १००. सूत्र इतकेच : पहिल्या वेळचे गुणिले दुसऱ्या वेळचे, भागिले दोन्ही वेळा सापडलेले. मग मडके उपडे करून खरोखर मोजा आणि चूक किती आली ते पाहा. वर्गातील प्रत्येक गटाने हा प्रयोग केला तर प्रत्येकाचे उत्तर थोडे वेगळे येईल, आणि अंदाज हा एक आकडा नसून आकड्यांचा पट्टा असतो, हे फळ्यावर लिहून सांगण्याची गरज उरणार नाही. डेन्मार्कच्या पेटरसनने १८९६ साली माशांसाठी आणि अमेरिकेच्या लिंकनने १९३० साली बदकांसाठी हाच विचार वापरला.

वाघाला चुन्याचे बोट लावायला कोणी जाणार नाही. पण निसर्गाने ते आधीच लावून ठेवले आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. वाटेवर कॅमेरा बांधून ठेवला की वाघ आपली ओळख स्वतःच देऊन जातो. कर्नाटकातील नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात ही रीत वाघांसाठी वापरून दाखवली. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो. कॅमेऱ्याला माणूस लागत नाही. प्राण्याच्या अंगातून सतत अवरक्त किरण निघतात; शरीराच्या तापमानाला त्यांची तरंगलांबी नऊ-दहा मायक्रोमीटरच्या आसपास असते. समोरून ऊबदार शरीर सरकले की संवेदकावर पडणाऱ्या किरणांत एकदम बदल होतो आणि कळ दाबली जाते. येथे आपला वैदर्भीय उन्हाळा आडवा येतो. भर दुपारी दगड, माती आणि वाघाचे अंग जवळजवळ एकाच तापमानाला आले की संवेदकाला फरकच कळत नाही, आणि वाघ बिनफोटोचा निघून जाऊ शकतो!

या पद्धतीने २००६ साली देशात १,४११ वाघांचा अंदाज आला होता. २०२२ च्या गणनेत तो ३,६८२ झाला. त्यापैकी महाराष्ट्रात ४४४.

मडके बंद आहे का?

चिंचोक्यांच्या प्रयोगात एक गोष्ट आपण न सांगता गृहीत धरली होती. दोन वेळांच्या मध्ये मडक्यात कोणी नवा चिंचोका टाकला नाही आणि कोणी काढून नेला नाही. रानाला मात्र झाकण नसते. एका मोठ्या नर वाघाचा वावर सहज शंभर चौ. कि. मी.पर्यंत असू शकतो, आणि बोर तर १३८ चा! येथे जन्मलेल्या बछड्यांनी मोठे झाल्यावर जायचे कोठे? नकाशा पाहिला तर बोरच्या ईशान्येला पेंच, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा, पश्चिमेला मेळघाट. मध्ये कपाशी, तूर, संत्र्यांच्या बागा, गावे आणि रस्ते. रोही आणि डुकरे तर रोजच ही सीमा ओलांडतात; रात्री शेतात, पहाटे रानात. त्यांची ही छोटी यात्रा जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक असते, आणि ती त्याला परवडणारी नसते.

वाघ किती दूर जाऊ शकतो हे आपल्या शेजारच्या जिल्ह्याने जगाला दाखवले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ-पट्टा बांधला होता. तो जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील जिल्हे पालथे घालीत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'वॉकर'. तोवर तो १,३०० कि. मी.हून अधिक चालला होता. नकाशावर पट्टी ठेवून टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ अंतर मोजले तर ते सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. नववीच्या पुस्तकात अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याचा माग काढला तो उपग्रहांनी. सुमारे २०,२०० कि. मी. उंचीवरील उपग्रहांकडून निघालेला संदेश पट्ट्यातील यंत्रापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. निदान चार उपग्रहांच्या संदेशांच्या वेळा ताडून यंत्र आपली जागा काढते. वेळेत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तर जागा ३०० मीटरांनी चुकते. वाघाच्या गळ्यात इतके अचूक घड्याळ बांधता येत नाही. म्हणून तर चौथा उपग्रह लागतो, घड्याळाची चूक काढण्यासाठी!

प्रत्येक वाघ वॉकरइतका सुदैवी नसतो. बोरचा 'बाजीराव' नावाचा ऐन उमेदीतला नर डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. अशा वेळी 'चालकाने ब्रेक का दाबला नाही?' असे आपण पटकन विचारतो. गणित करून पाहू. ताशी १०० कि. मी. म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. प्राणी दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तरी २८ मीटर गेले. नंतर कोरड्या रस्त्यावर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी झाला, तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन, म्हणजे आणखी सुमारे ५५ मीटर. एकूण ८३. दिव्यांच्या मंद झोतात मात्र चाळीस-पन्नास मीटरच दिसते! म्हणजे चालकाला दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. ताशी ५० ला हेच अंतर २८ मीटर भरते. आणि समोरच्या प्राण्याचे काय? थोड्या प्रकाशासाठी घडलेल्या त्याच्या डोळ्यांवर एकाएकी झोत पडतो, ते दिपतात, आणि तो जागीच थिजतो.

तेव्हा रस्ता आणि वाट एकाच पातळीवर असू नयेत, हा उपाय उरतो. पेंचमधून जाणारा नागपूर-जबलपूर महामार्ग रुंद करताना सुमारे १६ किलोमीटरांच्या टप्प्यात प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलला आहे. यातील काही जागा पन्नास मीटर रुंद आहेत, तर सर्वांत मोठी साडेसातशे मीटर. वर्धा जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी असे मार्ग ठेवलेले आहेत. प्राणी ते वापरतात का, हे पाहायला पेंचच्या पुलांखाली तेच अवरक्त संवेदकाचे कॅमेरे बांधले होते. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात त्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा आले, आणि पट्ट्यांवरून ओळखता आलेले वाघ ११ होते.